६२५ मधलं 'क्लॅव' नक्की करतं काय? आणि तरी रिपोर्टमध्ये 'आर' कसं आलं?

वाघबीळवाला
मंडळी, औषध विचारत नाहीये, औषध चालू आहे आणि डॉक्टरही चांगले आहेत, फक्त ओपीडीत इतकी गर्दी असते की चार प्रश्न विचारायचे तर मागचा पेशंट खाकरायला लागतो. तर झालं असं की सासूबाईंना (वय ६८, शुगर जुनी) लघवीचं इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आणि पाठीत एका बाजूला दुखणं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ६२५ (अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव, म्हणजे अमॉक्सी-क्लॅवची गोळी) सुरू केली, ताप काही हलेना, मग मोठ्या डॉक्टरांनी युरिन कल्चर करायला लावलं. रिपोर्टवर लिहिलंय ई. कोलाय, आणि खाली ठळक अक्षरात 'ईएसबीएल पॉझिटिव्ह'. मग लांबलचक यादी. अमॉक्सी-क्लॅव आर (रेझिस्टंट, म्हणजे चालणार नाही), सेफ्ट्रिॲक्झोन आर, सिप्रो आर, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालेल), मेरोपेनेम एस, अर्टापेनेम एस. डॉक्टरांनी थेट अर्टापेनेमचं इंजेक्शन लावलं, दिवसातून एकदा, आता ताप उतरलाय.

माझे प्रश्न असे. ६२५ च्या पाकिटावर लिहिलेलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड म्हणजे म्हणे बॅक्टेरियाचं प्रतिकार करणारं एन्झाइम बंद पाडणारं औषध. ते आत असूनही आर कसं? टॅझोबॅक्टमही त्याच जातीचं म्हणतात, ते एस दाखवतंय, मग डॉक्टरांनी ते सोडून अर्टापेनेम का दिलं? आणि भाचा बी.फार्म करतोय तो म्हणतो हल्ली अॅविबॅक्टम नावाचं भारी आलंय, तर सगळ्यांना तेच का देत नाहीत? मी कॉमर्सवाला, त्या हिशेबाने सांगा.

प्लेटवाली_वाशी
मी लॅबमध्येच असते, रोज हेच रिपोर्ट हातातून जातात, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्याकडे.

पेनिसिलिन, सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेम ही सगळी एकाच खानदानातली, बीटा-लॅक्टम. सगळ्यांच्या पोटात चार अणूंची एक छोटी ताणलेली रिंग असते. बॅक्टेरिया आपली भिंत बांधतो तेव्हा भिंतीचे धागे एकमेकांना जोडणारी प्रथिनं लागतात, ही रिंग त्या प्रथिनांना जाऊन चिकटते, जोडकाम थांबतं, भिंत कच्ची राहते आणि बॅक्टेरिया फुटतो. बॅक्टेरियाची युक्ती म्हणजे बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम, जे ती रिंग उघडून टाकतं. रिंग उघडली की औषध म्हणजे नुसता कचरा. आणि हे काही आपण अँटिबायोटिक खाऊन खाऊन आजकाल तयार झालेलं नाही बरं का, पेनिसिलिन पेशंटना सर्रास मिळायला लागायच्या आधीच, १९४० मध्ये, अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या दोघांनी ई. कोलायमध्ये पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम सापडल्याचं छापलं होतं. आपण फक्त त्याला खतपाणी घातलं.

क्लॅव हे स्वतः फारसं मारत नाही. पण त्यालाही तीच रिंग आहे, त्यामुळे एन्झाइम त्याला औषध समजून तोंडात घेतं, रिंग उघडतं, आणि मग ते सुटतच नाही, चिक्की दातात अडकावी तसं. एन्झाइम कायमचं बाद. तोवर खरं औषध, म्हणजे अमॉक्सिसिलिन, आपलं काम करून घेतं. सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम यांचंही साधारण असंच.

आता गंमत ऐका, ईएसबीएल (बीटा-लॅक्टमेजचाच जोरदार प्रकार, सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधंही मोडणारा) आहे हे आम्ही ओळखतो तेच मुळी क्लॅव वापरून. प्लेटवर पेशंटचा बॅक्टेरिया पसरवायचा, सेफोटॅक्झिमची (हे सेफ्ट्रिॲक्झोनचं भावंड) एक डिस्क, म्हणजे औषध लावलेली कागदी चकती, ठेवायची आणि शेजारी सेफोटॅक्झिम अधिक क्लॅवची दुसरी. रात्रभर ३५ डिग्रीला. सकाळी झाकण उघडलं की साध्या डिस्कभोवती बॅक्टेरिया अगदी काठापर्यंत आलेला असतो आणि क्लॅववाल्या डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसतो. फरक ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ईएसबीएल. दुसरी पद्धत म्हणजे अमॉक्सी-क्लॅवची डिस्क मध्ये ठेवून आजूबाजूला सेफॅलोस्पोरिनच्या, म्हणजे सेफोटॅक्झिमच्या गटातल्या औषधांच्या, डिस्क ठेवायच्या, तर त्यांचे गोल मधल्या डिस्ककडे ओढल्यासारखे दिसतात, किल्लीच्या भोकासारखा आकार होतो. मला अजूनही बघायला आवडतं ते, बाकीचे म्हणतात हिला वेड लागलंय.

मग तुम्ही म्हणाल क्लॅवने ईएसबीएल बंद पडतं तर अमॉक्सी-क्लॅव आर कसं. कारण एका ई. कोलायकडे एकच एन्झाइम असेल असं कुणी सांगितलं? आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते सीटीएक्स-एम-१५, ते क्लॅवला बळी पडतं. पण त्याच बॅक्टेरियाच्या त्याच प्लाझमिडवर (जीन्स वाहणारं डीएनएचं छोटं कडं) बरेचदा ऑक्सा-१ नावाचं दुसरं एन्झाइम असतं, ते क्लॅवला फारसं जुमानत नाही आणि अमॉक्सिसिलिन आरामात मोडतं. शिवाय एम्पसी नावाचा प्रकार आहे, त्याच्यावर क्लॅव जवळजवळ शून्य. आणि काही वेळा एन्झाइम तेच असतं पण बॅक्टेरिया ते इतकं भरमसाट बनवतो की क्लॅव संपतं आणि एन्झाइम उरतं.

तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टवर नक्की कुठलं आहे ते रुटीन कल्चरमध्ये कळत नाही, त्यासाठी जीन टेस्ट लागते, ती प्रत्येकाला करत नाहीत.

नौपाडा_मेडिकल
ताईंनी शास्त्र छान सांगितलं. मी काउंटरवरचं सांगतो. 'सहाशेपंचवीसच्या चार द्या' हे वाक्य मी दिवसभर ऐकतो. चिठ्ठी? 'अहो मागच्या वेळी दिली होती ना डॉक्टरांनी.' कधी? 'दिवाळीत.' घसा, दाढ, पायाला खिळा लागला, सगळ्याला ६२५. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की साधं मॉक्स (नुसतं अमॉक्सिसिलिन) म्हणजे हलकं आणि क्लॅववालं म्हणजे स्ट्राँग. स्ट्राँग वगैरे काही नसतं, बॅक्टेरियाकडे ते एन्झाइम नसेल तर क्लॅवचा उपयोग शून्य आणि जुलाब मात्र शंभर टक्के तुमचे.

एक गोष्ट पाकिटावर वाचत नाही कुणी. ३७५ च्या गोळीत २५० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव. ६२५ मध्ये ५०० आणि १२५. एक ग्रॅमवाल्या गोळीत ८७५ आणि परत १२५ च. म्हणजे अमॉक्सिसिलिन वाढतं, क्लॅव तेवढंच राहतं. तर ६२५ संपल्या म्हणून कुणी ३७५ च्या दोन घेतल्या तर क्लॅव डबल होतं, आणि पोट बिघडतं ते मुख्यतः क्लॅवनेच. काही लोकांना, विशेषतः वयस्कर पुरुषांना, याने कावीळही होते, कधी कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी, तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही की कशाने झाली. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेला आकडा बदलायचा नाही, आणि जेवणाच्या सुरुवातीला घ्यायची.

आणि स्ट्रिपमधून काढून त्या सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवू नका. क्लॅवला दमट हवा अजिबात चालत नाही, म्हणूनच त्याला जाड ॲल्युमिनियमचं पॅकिंग असतं. आपल्याकडे जुलैमध्ये भिंती घाम गाळतात तिथे गोळीचं काय. एकांनी दाखवायला आणली होती, पांढरी गोळी पार पिवळट-तपकिरी झालेली, विचारतात चालेल का.

कायद्याचं पण सांगून टाकतो. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ आलं, त्यात सेफिक्झिम, मेरोपेनेम वगैरे आहेत, ते विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि तीन वर्षं सांभाळायचं. ६२५ त्यात नाही, ती साध्या शेड्यूल एचमध्ये. चिठ्ठी तिलाही लागतेच पण रजिस्टरचा धाक नाही, म्हणून ती सगळ्यात जास्त सुटते. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हे पण खरंय, उगाच साधूपणा कशाला दाखवू.

कळवा_स्लो
बाकी सगळं ठीक, पण एवढे वेगवेगळे ब्लॉकर आहेत तर सगळे एकाच गोळीत टाकून द्या ना, विषय संपला. की कंपन्यांना विषय संपवायचाच नाहीये? आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की हळदीतलं कर्क्युमिनही हे एन्झाइम बंद पाडतं. तुम्ही लोक हसाल, पण आजी काय वेडी होती का?

रबाळे_रिटायर्ड
आजी वेडी नव्हती आणि तुम्हीही नाही. मी ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात बल्क ड्रगच्या धंद्यात आयुष्य काढलं, आता नातवंडं आणि हा फोरम. हळदीचं आधी. टेस्ट ट्यूबमध्ये शेकडो पदार्थ शेकडो एन्झाइम बंद पाडतात, तिथे तुम्ही हवं तेवढं ओतू शकता. कर्क्युमिन पोटातून रक्तात जवळजवळ पोचतच नाही. किडनीच्या इन्फेक्शनपर्यंत ते कुठून जाणार. दूध-हळद घ्या, झोप चांगली लागेल, पण कल्चर रिपोर्टशी त्याचा संबंध जोडू नका.

आता 'सगळे एकत्र' का नाही. नीट बसून वाचा, थोडं लांबेल.

ही एन्झाइम चार गटांत मोडतात, ए, बी, सी, डी. ए, सी आणि डी यांच्या मर्मस्थानी सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं, ते रिंगवर हल्ला करतं. बी गट वेगळाच आहे, त्याच्या मर्मस्थानी जस्त असतं, झिंक, आणि ते पाण्याचा एक रेणू पकडून त्याच्याकरवी रिंग फोडतं. क्लॅव सेरीनला अडकतं. जिथे सेरीनच नाही तिथे अडकणार कशाला? उलट बी गटातली एन्झाइम क्लॅवलाच फोडून खातात. बदनाम झालेलं एनडीएम (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) ते याच बी गटातलं. २००८ च्या सुमारास दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या पेशंटमध्ये सापडलं, २००९ मध्ये छापून आलं आणि नावात दिल्ली आल्यामुळे २०१० मध्ये केवढा गदारोळ झाला होता, मेडिकल टुरिझमची बदनामी, परदेशी कट आणि काय काय. मजा म्हणजे त्याच वर्षी आपल्या माहीमच्या हिंदुजाच्या डॉक्टरांनी इथल्याच जर्नलमध्ये लिहिलं होतं की त्यांनी तपासलेल्या २४ कार्बापेनेम-रेझिस्टंट (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना दाद न देणाऱ्या) नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम आहे. म्हणजे भांडण नावावर चाललं होतं आणि बॅक्टेरिया आरामात वॉर्डात बसला होता.

क्लॅवची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या बीचम कंपनीने सत्तरच्या दशकात मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसमधून काढलं ते, आणि १९८१ मध्ये अमॉक्सिसिलिनबरोबर बाजारात आणलं. तो मातीतला जीव स्वतःच एक बीटा-लॅक्टम अँटिबायोटिकही बनवतो आणि क्लॅवही बनवतो, दोन्हीची जीन्स त्याच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी. म्हणजे औषध आणि ब्लॉकर यांचं कॉम्बिनेशन आपल्या आधी त्यानेच काढलं होतं, पेटंट न घेता.

पुढे अॅविबॅक्टम आलं, सेफ्टाझिडिमबरोबर, अमेरिकेत फेब्रुवारी २०१५ मध्ये मंजूर झालं. यात ती चार अणूंची रिंगच नाही, वेगळा सांगाडा आहे. ते सेरीनला चिकटतं, पण एन्झाइमला ते फोडता येत नाही, सुटलं तर जसंच्या तसं सुटतं आणि परत दुसऱ्याला चिकटायला मोकळं. ए, सी आणि डी मधलं ऑक्सा-४८, एवढ्यांना ते आवरतं. मग बोरॉनवाला व्हॅबोरबॅक्टम २०१७ मध्ये, मेरोपेनेमबरोबर. रेलेबॅक्टम २०१९ मध्ये. आणि इथेच माझी तक्रार आहे. या सगळ्यांचं मुख्य टार्गेट केपीसी नावाचं एन्झाइम, जे अमेरिकेत १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पहिल्यांदा दिसलं आणि तिकडे पसरलं. आपल्याकडे केपीसी कमी, आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ ची भावंडं. व्हॅबोरबॅक्टम आणि रेलेबॅक्टम यातल्या दोघांवरही चालत नाहीत. ज्याच्या बाजारात पैसा त्याच्या एन्झाइमवर औषध, साधा हिशेब. कळवावाले, कंपन्यांवरचा तुमचा राग अगदीच चुकीचा नाही, फक्त तो तुम्ही चुकीच्या जागी काढताय.

जस्तवाल्यांना अडवणं अवघड का, तर एक म्हणजे त्यांच्यात आणि ब्लॉकरमध्ये ती 'चिकटून राहण्याची' सोय नाही. दुसरं म्हणजे जस्त ओढून घेणारा रेणू बनवणं सोपं आहे, ईडीटीए घ्या, लॅबमध्ये ताई लोक एनडीएम ओळखायला तेच वापरतात. पण जस्त आपल्या स्वतःच्या कितीतरी एन्झाइमना लागतं. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी मातीतल्या बुरशीतून एक पदार्थ काढला, अॅस्परगिलोमॅरॅस्मिन ए, तो एनडीएममधलं जस्त काढून घेतो, आणि उंदरांमध्ये त्याने मेरोपेनेम परत चालायला लागलं. पेपरांत मोठमोठे मथळे आले होते. औषध म्हणून अजून बाजारात नाही. हाच पदार्थ त्याआधी रक्तदाबाशी संबंधित असलेल्या आपल्याच एका जस्तवाल्या एन्झाइमसाठी तपासला गेला होता, यावरूनच समजा अडचण कुठे आहे ती.

टॅनिबोरबॅक्टम नावाचा बोरॉनवालाच एक आहे, तो सेरीनवालेही धरतो आणि एनडीएमही धरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन एफडीएने फाइल परत पाठवली, निर्मितीशी संबंधित मुद्द्यांवरून.

आणि आपल्या लोकांचंही सांगतो, छाती फुगवायला नाही, माहिती म्हणून. टॅझोबॅक्टमलाच एक मिथाइल जोडून चेन्नईच्या ऑर्किडने एनमेटाझोबॅक्टम काढलं, सेफेपिमबरोबर ते फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ईएसबीएलसाठी, एनडीएमसाठी नाही. दुसरं वोकहार्टचं झिडेबॅक्टम, त्यांचं रिसर्च सेंटर संभाजीनगरला. ते हुशार आहे. ते एनडीएमला अडवतच नाही. ते सरळ भिंत बांधणाऱ्या प्रथिनांपैकी दोन नंबरच्याला जाऊन पकडतं, सेफेपिम तीन नंबरच्याला पकडतं, आणि दोन बाजूंनी मार बसल्यावर एन्झाइम असूनही बॅक्टेरिया टिकत नाही. कुलूप उघडेना तर भिंतच पाडा असा खाक्या.

कळवा_स्लो
काका, मानलं. पण सगळे एकाच गोळीत का नाही हे राहिलंच.

रबाळे_रिटायर्ड
अरे हो. प्रत्येक औषध शरीरातून वेगवेगळ्या वेगाने बाहेर जातं. जोडीतला एक संपला आणि दुसरा उरला तर जोडीला अर्थ नाही, म्हणून दोघांचा वेग जुळावा लागतो. दोघांचं हे जमवताना घाम फुटतो, पाच जणांचं काय जमवणार. त्यात प्रत्येकाचे साइड इफेक्ट, प्रत्येक जोडीची वेगळी ट्रायल. आणि यातले बहुतेक नवे ब्लॉकर तोंडाने घ्यायचे नाहीतच, शिरेतून द्यायचे, गोळी विसरा.

रेसिडेंट_रात्रपाळी
कळवा, काकांच्या उत्तरावर एकच भर. जिथे एन्झाइमचा संबंधच नाही तिथे कितीही ब्लॉकर टाका, काही होत नाही. एमआरएसए ऐकलं असेल, तो स्टॅफिलोकोकस भिंत जोडणारं प्रथिनच बदलून बसतो, औषध त्याला चिकटतच नाही. तिथे क्लॅव देणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. काही बॅक्टेरिया औषध आत आल्या आल्या पंपाने बाहेर फेकतात, काही आत येण्याची दारंच बंद करतात.

वाघबीळवाला दादा, तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात चांगला होता आणि त्याला कुणी हात घातला नाही. पिप-टॅझ एस असताना अर्टापेनेम का. याचं कारण बहुतेक मेरिनो नावाची ट्रायल, २०१८ मध्ये जामा जर्नलमध्ये आली. रक्तात ई. कोलाय किंवा क्लेबसिएला नावाचा तसाच बॅक्टेरिया सापडलेले, सेफ्ट्रिॲक्झोन न चालणारे पण पिप-टॅझ 'एस' असलेले पेशंट घेतले. अर्ध्यांना पिप-टॅझ, अर्ध्यांना मेरोपेनेम. तीस दिवसांत मृत्यू पिप-टॅझवाल्यांत १२.३ टक्के आणि मेरोपेनेमवाल्यांत ३.७ टक्के. कागदावर एस आणि पेशंटमध्ये गडबड. मागाहून त्या बॅक्टेरियांचा अभ्यास केला तेव्हा प्लेटवाली ताईंनी सांगितलेलं ऑक्सा-१ त्यात बऱ्यापैकी निघालं. आता ही ट्रायल रक्तातल्या इन्फेक्शनची होती, साध्या मूत्राशयाच्या जळजळीला तोच नियम लावायचा नसतो, तिथे नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनचा तीन ग्रॅमचा सॅशे बरेचदा पुरतो. पण तुमच्या सासूबाईंना थंडी-ताप आणि पाठीत दुखणं होतं, म्हणजे किडनीपर्यंत गेलेलं असणार, शुगर आहे, म्हणून डॉक्टरांनी रिस्क घेतली नाही. अर्टापेनेम दिवसातून एकदाच असल्याने ॲडमिट न करता देता येतं हाही मोठा भाग.

अॅविबॅक्टम का नाही? कारण गरज नाही. अर्टापेनेमला ईएसबीएल मोडूच शकत नाही. डब्ल्यूएचओच्या यादीत अमॉक्सी-क्लॅव 'ॲक्सेस' गटात, पिप-टॅझ 'वॉच'मध्ये आणि सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम 'रिझर्व्ह'मध्ये, म्हणजे बाकीचं काही चालत नसेल तेव्हाच. आमच्या आयसीयूत जेव्हा एनडीएम आणि ऑक्सा-४८ दोन्ही असलेला क्लेबसिएला येतो, आणि येतो हो, तेव्हा आम्ही सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम आणि अॅझट्रिओनाम बरोबरीने लावतो. अॅझट्रिओनामला एनडीएम मोडू शकत नाही, पण बाकीची सेरीनवाली एन्झाइम मोडतात, त्यांना अॅविबॅक्टम आवरतं. दोघांनी एकमेकांची पाठ राखायची. आता अॅझट्रिओनाम-अॅविबॅक्टम ही जोडी एकत्रही आलीय, युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाली. पण हेही अमरपट्टा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ई. कोलायमध्ये अॅझट्रिओनाम जिथे चिकटतं त्या प्रथिनातच चार अमिनो आम्लांची भर पडलेली सापडते, त्यामुळे तिथेही जोर कमी पडतो. हे संपलं की उरतं कोलिस्टिन, आणि ते किडनीला जड म्हणून किडनीचे रिपोर्ट.

म्हणून आधी कल्चर पाठवा, मग अँटिबायोटिक सुरू करा. एवढं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी केलं असतं तरी तुमच्या सासूबाईंचे तापाचे दिवस वाचले असते. आणि दादा, आता ताप गेलाय, त्रास नाही, तर 'बघू या गेलं का' म्हणून उगाच परत युरिन कल्चर करू नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच. त्या वयात, शुगर असताना, काहीही त्रास नसताना लघवीत बॅक्टेरिया सापडू शकतात. रिपोर्ट बघून घरचे घाबरतात आणि परत औषध सुरू होतं.

प्लेटवाली_वाशी
रेसिडेंट, तुमचं ते शेवटचं वाक्य फ्रेम करून आमच्या कलेक्शन सेंटरला लावते. आणि जमलं तर सॅम्पल घेताना पहिली धार सोडून मधली घ्यायची, बाटलीच्या आत बोट लावायचं नाही, आणि दोन तासांत पोचवायचं, हेही कुणीतरी सांगा लोकांना. ऐरोलीहून सकाळी घेतलेलं सॅम्पल दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर उकडून येतं आणि मग तीन-चार प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात, रिपोर्टवर 'मिक्स्ड ग्रोथ, सॅम्पल परत पाठवा' लिहिलं की आम्हालाच शिव्या.

काकांना एक विचारते. सल्बॅक्टमला तुम्ही नुसतं ब्लॉकरमध्ये मोजलंत का? असिनेटोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाला ते स्वतः मारतं.

रबाळे_रिटायर्ड
बरोबर पकडलंत ताई, मी त्याचं नाव घेतलंच नव्हतं. असिनेटोबॅक्टरच्या भिंतीच्या प्रथिनांना सल्बॅक्टम स्वतः जाऊन चिकटतं, तिथे ते औषधच आहे. आणि मग तो बॅक्टेरिया त्याच्या ऑक्सा एन्झाइमने सल्बॅक्टमलाच मोडायला लागला, म्हणून सल्बॅक्टमला वाचवायला दुसरा ब्लॉकर आणावा लागला, ड्युर्लोबॅक्टम, ही जोडी अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाली. ब्लॉकरचं रक्षण करायला ब्लॉकर. बॉडीगार्डला बॉडीगार्ड, आपल्याकडच्या नेत्यांसारखं.

कोपरखैरणे_मावशी
सगळं वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं. माझा वेगळाच प्रश्न आहे. बहिणीच्या मुलाला रेझिस्टंट टीबी आहे, औषधांना दाद न देणारा. त्याला मेरोपेनेमचं इंजेक्शन देतात आणि त्याच्या आधी अमॉक्सी-क्लॅवची गोळी देतात. बहीण म्हणते घशाची गोळी टीबीला कशाला, नर्सची चूक तर नाही ना. सरळ विचारायला ती घाबरते.

रेसिडेंट_रात्रपाळी
मावशी, चूक नाहीये, मुद्दाम देतात, तिला सांगा निश्चिंत राहा आणि गोळी चुकवू देऊ नका. टीबीच्या जंतूकडे जन्मजात एक बीटा-लॅक्टमेज असतं, ब्लासी म्हणतात त्याला. त्याच्यामुळे पेनिसिलिनच्या खानदानातली औषधं टीबीवर कधी चाललीच नाहीत. पण क्लॅवने ते एन्झाइम पक्कं बंद पडतं, आणि मेरोपेनेम ते तसंही फार हळू मोडतं. २००९ मध्ये सायन्स मासिकात हे दाखवलं गेलं की दोघं मिळून औषधांना दाद न देणाऱ्या टीबीलाही मारतात, लॅबमध्ये. त्यानंतर डब्ल्यूएचओच्या यादीत ही जोडी आली, बाकीची मुख्य औषधं पुरत नसतील तेव्हासाठी.

आणि अमॉक्सिसिलिन त्यात का, तर गंमत अशी की क्लॅव एकटं मिळतच नाही, कुठल्याच दुकानात. म्हणून क्लॅवसाठी अख्खी गोळी द्यावी लागते. म्हणून वेळही ठरलेली असते, मेरोपेनेमच्या थोडं आधी. त्याला जुलाब झाले किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच सांगायचं, थांबायचं नाही.

कोपरखैरणे_मावशी
देव भलं करो तुमचं. तिला फोन करून सांगते.

वाघबीळवाला
सगळ्यांचे आभार, आता निदान रिपोर्टकडे बघून भीती वाटत नाही. भाच्याला ही लिंक पाठवली तर तो म्हणतोय काकांकडे इंटर्नशिप मिळेल का.

जाता जाता नौपाडावाल्यांना एक. आमच्या धाकट्याला डॉक्टरांनी अमॉक्सी-क्लॅवचं सिरप दिलंय, कानासाठी, चिठ्ठी आहे. बायको म्हणते उरलेलं फ्रीजमध्ये ठेवू, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

नौपाडा_मेडिकल
नाही पडणार. पावडर कोरडी असते तोवर ठीक, पाणी घातलं की क्लॅवचं घड्याळ सुरू झालं. उकळून थंड केलेलं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आधी अर्धं घालून हलवा, मग खुणेपर्यंत भरा, नाहीतर खाली गठ्ठा बसतो आणि पहिले डोस पातळ, शेवटचे घट्ट. फ्रीजमध्ये ठेवायची, दरवाज्यात नको, आतल्या कप्प्यात. दर वेळी हलवून मोजून द्यायचं, चमच्याने नाही, सोबतच्या मापाने. सात दिवसांनी उरलं असेल तर टाकून द्या, रंग ठीक दिसला तरी. आणि डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलेत तितके पूर्ण करा. एक बाटली पुरत नसेल तर दुसरी न्या, पण ती आत्ताच कालवून ठेवू नका, पहिली संपली की मग.